मांबलममधला जॉर्जिया

घर भाड्यानं देताना लोक आधार कार्ड बघतात, पगाराची स्लिप बघतात, चेन्नईत तर स्वयंपाकघरात काय शिजणार हेही आधी विचारून घेतात. मामांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी माझा वास घेतला. मी दोन बॅगा घेऊन दारात उभी, घामानं निथळलेली, आणि समोर पांढरी वेष्टी नेसलेला एक उंच वाळका म्हातारा मान पुढे काढून, डोळे मिटून स्तब्ध. मग डोळे उघडून म्हणाले, "केसांस काय लावलीस गे? जुई आहे म्हणते, पण ती जुई नव्हे." मी म्हटलं, तेल आहे, नाशिकहून आणलंय. खोली मिळेल म्हणाले, तेल मात्र नाशिकला परत जायला हवं.

मामा म्हणजे माझे कुणी नव्हेत. वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत साठी उलटलेला प्रत्येक पुरुष मामाच असतो, आणि हे तर सत्त्याहत्तरचे होते. घराणं तंजावरचं. त्यांचे पूर्वज मराठी घेऊन तिकडे गेले ते गेलेच, त्यामुळे मामांच्या तोंडी 'कशास', 'ठाऊक', 'नव्हे' असे पोथीतले शब्द असायचे आणि चाल मात्र अस्सल तमिळ, वाक्याच्या शेवटी जिना चढल्यासारखी. पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही. नंतर ऑफिसातल्या नाशिक-पुण्याच्या पोरांचं बोलणंच मला बेचव वाटायला लागलं.

खोलीच्या अटी त्यांनी तोंडी सांगितल्या. उदबत्ती नाही. डासांची कॉइल नाही. सेंट तर नाहीच. फरशी पुसायला वासाचं फिनेल नाही, आणि रविवारी दुपारी बारापर्यंत लसणाची फोडणी नाही. ते स्वतः कांदा, लसूण, हिरवी मिरची कशालाच शिवत नसत. त्यावरून गल्लीनं ठरवून टाकलं होतं की मामा कमालीचे सोवळे आहेत. समोरच्या घरातली आजी आपल्या नातवांना त्यांचं उदाहरण द्यायची. रविवारी अकराच्या सुमाराला मामांच्या खिडकीतून जोरात भुरका मारल्याचा आणि मग पितळी तस्तात थुंकल्याचा आवाज यायचा, तेव्हा ती हात जोडून म्हणायची की मामांची योगक्रिया चाललीय.

क्रिया कसली, मामा वाइन पीत असत. पीत असत हेही खरं नाही, चाखून थुंकत असत. आयुष्यभर ते कुन्नूरच्या एका चहाच्या कंपनीत टी-टेस्टर होते. दिवसाला दोन-दोनशे कप चहा भुरकून थुंकायचा आणि कोणत्या मळ्यातला, कोणत्या महिन्यातला, कुठे बिघडला ते सांगायचं, हा धंदा. कांदा-लसूण सुटला तो जिभेसाठी, देवासाठी नव्हे. पण त्यांनी गल्लीचा गैरसमज कधी दूर केला नाही. "पुण्य फुकट मिळते तर नको कशास म्हणू?" असं मला एकदा म्हणाले होते.

आणि वाइन कुठली, तर जॉर्जियाची. सोव्हिएत काळात जॉर्जियात चहाचे मळे होते. तिथला चहा कसा सुधारता येईल ते बघायला कंपनीनं मामांना दोन वर्षं धाडलं. चहा काही सुधारला नाही, मामा बिघडले. ज्या घरात राहत होते त्या घरच्या म्हाताऱ्यानं एके दिवशी अंगणातली फरशी उचलली. खाली जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा रांजण होता, आणि रांजणात सालींसकट मुरलेल्या हिरव्या द्राक्षांची वाइन, रंगानं थेट कोऱ्या चहासारखी. तो पहिला घोट मामांनी थुंकला नाही. बाकी सगळं आयुष्य, असं ते म्हणत, त्या घोटाचं स्पष्टीकरण आहे.

त्यांचं गाऱ्हाणं एकच होतं. जगात वाइन म्हटलं की लोक फ्रान्सचं नाव घेतात, इटलीचं घेतात, आणि जॉर्जिया म्हटलं की अमेरिकेतला का, असं विचारतात. ज्या देशात हजारो वर्षं घरोघरी रांजण पुरतात त्याला कुणी हुंगत नाही. मी नाशिकची, म्हणून सुरुवातीला मी आमच्या द्राक्षांची बाजू घेऊन भांडून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, नाशिकची मुलगी हुशार आहे, पण अजून दहावीत आहे. माझ्याबद्दल म्हणाले की वाइनबद्दल, हे मी विचारलं नाही.

बाटल्या यायच्या कशा, तर डॉक्टर होऊ घातलेल्या मुलींच्या बॅगेतून. आमच्या भागातली बरीच मुलं वैद्यकी शिकायला जॉर्जियात जातात. त्यांच्या घाबरलेल्या आईबापांना मामा तिथलं हवामान, ब्रेड, लोकांचा स्वभाव सगळं समजावून सांगत, आणि सुट्टीला येताना मुलींनी नियमात बसतात तेवढ्या दोन बाटल्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणाव्यात एवढीच दक्षिणा घेत. आईबापांना वाटे, म्हाताऱ्याचा काहीतरी काढा असेल.

दर रविवारी अकराला त्यांच्या टेबलापाशी माझी हजेरी ठरून गेली. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन त्या वेळी बरोबर ग्लासवर येतं, म्हणून अकरा. पहिल्या रविवारी मी एक घोट घेऊन छान आहे म्हणाले, तर त्यांनी ग्लास माझ्या हातातून काढून घेतला. छान ही चव नव्हे, छान म्हणजे आळस, असं त्यांचं मत. वस्तूचं नाव घ्यायचं. चिंचेचा कोळ, अक्रोडाची साल, पावसात भिजलेली वीट, कालचा मध. मला हे जमायला लागलं, कारण शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअरमधले दोष शोधायचं. तिथेही 'नीट चालत नाही' असं लिहून चालत नाही, कुठे, केव्हा, कसं बिघडतं ते नेमकं लिहावं लागतं. आणि दोष दिसला की कळवायचा, लपवायचा नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली अट. मामांना ही अट फार आवडली होती.

मग त्यांना ताप आला. आठवडाभर होता, उतरला, आणि मामा बदलले असं मला वाटलं. चांगल्या अर्थानं. समोरच्या आजीनं गुग्गुळाचा धूर केला तरी ते खिडकी बंद करेनात. मी एकदा डासांनी वैतागून चोरून कॉइल लावली, ते जिन्यावरून गेले, काही बोलले नाहीत. रविवारी मात्र बोलणं वाढलं. ग्लास नाकाशी नेण्याआधीच त्या रांजणांच्या, त्या म्हाताऱ्याच्या, त्या डोंगरांच्या गोष्टी सुरू. मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणूस मऊ होतो तो असा. दिवसभर दोष शोधणारी मी, आणि समोरचा एवढा मोठा दोष मला स्वभावातली सुधारणा वाटला. याची मला अजून लाज वाटते.

चार महिन्यांनी, दिवेलागणीला मी मांबलम स्टेशनवरून चालत आले. गल्लीत वीज गेलेली. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर गॅसचा वास आला, आणि तो साधासुधा नव्हता, घसा धरणारा होता. मामांचं दार लोटलेलं. आत अंधुक उजेडात ते देवापाशी उभे होते. मामी गेल्यापासून तिन्हीसांजेला समई तेच लावत. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. मी ओरडले की नाही आठवत नाही. त्यांचं मनगट धरलं आणि काडी काढून घेतली एवढं आठवतं. शेगडीवर दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि बटण पूर्ण उघडं होतं. ते बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या दारं उघडली, मामांना ओढतच गच्चीवर नेलं. मी तिथेच खाली बसले.

ते उभेच होते. त्यांनी विचारलं, "फार होता काय वास?"

माझं केसाचं तेल उंबऱ्यापलीकडून ओळखणारा माणूस मला हे विचारत होता. मग त्यांनी सगळं सांगितलं. तापातून उठले त्या दिवसापासून नाक बंद, म्हणजे श्वास चालू आणि वास बंद. डॉक्टरांनी सांगितलं, परत येईल किंवा नाही येणार, या वयात सांगता येत नाही. जिभेला आंबट, तुरट, कडू एवढं कळतं. "तीन उरलीं," म्हणाले, "तेवढ्यांवर बाजार मांडला आहे."

त्यांची मुलगी बंगळूरला असते. शहाणी, सरळ बाई, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. मामी गेल्या तेव्हाच तिनं बापाला नेलं असतं, पण मामा हटून बसले आणि शेवटी तह झाला: ज्या दिवशी एकट्यानं निभत नाही असं दिसेल त्या दिवशी या घराला कुलूप. नाक गेलं आणि गॅस उघडा राहिला हे तिला कळलं असतं तर ती त्याच रात्रीच्या गाडीनं आली असती. आणि मामांना हे घर सोडायचं नव्हतं. त्यांची खिडकी, त्यांचं अकराचं ऊन, पलंगाखालच्या थंड फरशीवर आडव्या निजवलेल्या बाटल्या, सगळं इथे होतं. बंगळूरच्या घरी जावयाची आई दिवसभर उदबत्त्या लावते ही त्यांची जुनी तक्रार. त्या संध्याकाळी म्हणाले, आता तीही अडचण उरली नाही म्हणा.

मग त्यांनी माझ्याकडे तीन आठवडे मागितले. गेली कित्येक वर्षं ते शहरातल्या मोठ्या हॉटेलांना पत्रं लिहीत होते की तुमच्या वाइनच्या यादीत जॉर्जिया नाही ही शरमेची गोष्ट आहे. उत्तर कुणाचं यायचं नाही. आता एका हॉटेलात वाइन निवडणारी बाई तिसऱ्या रविवारी स्वतः घरी यायला तयार झाली होती. मामांनी तीन बाटल्या उघडून तिला पटवायचं, पटलं तर जॉर्जिया यादीत. तेवढं होऊ दे, मग मुलीला मीच सांगतो, म्हणाले. आयुष्यात कुणाकडे काही मागितलेला माणूस नव्हता तो. मी हो म्हटलं. सिलिंडर काढून टाकला, विजेची शेगडी आणून दिली, धोक्याची घंटा वाजवणारं यंत्र भिंतीला लावलं, आणि तरीही ऑफिसात बसल्या बसल्या दर तासाला त्यांना फोन लावायची.

त्याहून वाईट पुढे होतं. त्या रविवारी त्यांचं नाक मी व्हायचं होतं. मी शेजारी बसायचं, आधी हुंगायचं. डावा हात टेबलावर असला तर वाइन चोख, मांडीवर घेतला तर बिघडलेली. बाकी वर्णन ते तोंडपाठ करतील, चाळीस वर्षांची आठवण आहेच. रोज संध्याकाळी आमची तालीम चालायची. ही फसवणूक आहे, असं मी स्पष्ट म्हटलं. ते चिडले. डोळ्यांस चष्मा लावतात त्यास कुणी फसवणूक म्हणत नाही, म्हणाले. मी म्हटलं, चष्मा सगळ्यांना दिसतो, मामा. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण तालीम थांबली नाही. याच दिवसांत मुलीचा मला फोन आला. अप्पांचा आवाज वेगळा वाटतो, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, हो ताई, मजेत आहेत. इतक्या सहज म्हटलं की मलाच माझी भीती वाटली.

तो रविवार उजाडला, आणि दहा वाजता दारात रिक्षातून मुलगी उतरली. माझ्या उत्तरानं तिचं समाधान झालं नव्हतं. मामांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "सरी," म्हणजे तमिळमध्ये ठीक, "बरे झाले, तूही बघ," म्हणाले आणि नवी वेष्टी नेसायला आत गेले. तिनं स्वयंपाकघरात डोकावून विजेची शेगडी पाहिली, भिंतीवरचं यंत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास पुसत राहिले.

हॉटेलची बाई अकराला पाच मिनिटं असताना आली. चाळिशीची, कमी बोलणारी, तमिळ. पहिली बाटली काळ्या द्राक्षांची. मी हुंगलं, हात टेबलावर ठेवला. मामा बोलले, आणि काय बोलले. बाईंनी वहीत लिहून घेतलं. दुसरी बाटली, तसंच. मुलगी खुर्चीत सैलावलेली मला दिसली. बापाला असं बोलताना तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं.

तिसरी बाटली रांजणातली. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती. मामांनी स्वतः ओतली, ऊन ग्लासात शिरलं, रंग अगदी त्यांच्या गोष्टीतला. मी नाकाशी नेली. ओला पुठ्ठा. भिजून बंद कपाटात वाळलेला पुठ्ठा, त्याच्या मागे काही नाही. बुचानं बाटली नासवली होती. मी पुन्हा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं, आणि एक क्षण मनात आलं की हात टेबलावरच राहू द्यावा, त्यांची वाइन चोख म्हणावी. समोरची बाई अजून दुसऱ्या ग्लासाचं लिहीत होती. मी हात मांडीवर घेतला.

मामांनी ते पाहिलं. ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि इतका वेळ तसेच राहिले की मुलगी पुढे सरकली. काही वास लागतो का ते खरोखर शोधत होते, हे मला एकटीलाच कळत होतं. मग ग्लास खाली ठेवून ते इंग्रजीत म्हणाले, ही बाटली नासली आहे, माफ करा, ही पिऊ नका.

बाईंनी आपला ग्लास उचलला, हुंगला, थोडा फिरवून पुन्हा हुंगला, आणि पहिल्यांदा हसल्या. मला दोनदा हुंगावं लागलं, सर, म्हणाल्या, या वयात असं नाक मी पाहिलं नाही. स्वतःच्या लाडक्या वाइनला खराब म्हणणारा माणूस तर त्याहून नाही. बाकीच्या दोन्ही यादीत घेते. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "मी उगाच घाबरले गे. अप्पांस काही झाले नाही."

सगळं जिंकलं होतं. जॉर्जिया यादीत, घर मामांचं, मुलगी निर्धास्त. माझा श्वास मोकळा झाला, हे मी लपवत नाही. आता फक्त गप्प बसायचं होतं.

मामा उठून उभे राहिले. "कुन्नूरला एक रीत होती," म्हणाले. "टेस्टरास सर्दी झाली की त्याने आपण होऊन टेबलावरून उठायचे. कुणी त्यास उठवायचे नाही. मी पाच महिन्यांमागेच उठावयाचे होते." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "नाक हिचे आहे. माझे गेले. हिने नको म्हटले होते, मी ऐकले नाही." हेच त्यांनी बाईंना इंग्रजीत सांगितलं, शब्द न शब्द, आणि मुलीकडे वळून गॅसचंही सांगितलं. काडेपेटीसकट.

मी त्यांच्यावर रागावले, अजून थोडी रागावलेली आहे. मी त्यांच्यासाठी खोटं बोलले होते, पुढेही बोलले असते, जन्मभर त्यांचं नाक झाले असते. त्यांनी ते सगळं दोन मिनिटांत टेबलावर ठेवून दिलं. महिन्याभरात घराला कुलूप लागलं आणि मामा बंगळूरला गेले. मुलीनं मला एक शब्द वाईट बोलून दाखवला नाही, त्याचंच जास्त लागलं. त्यांनी गप्प राहायला हवं होतं असं मला रागाच्या भरात वाटतं, आणि मग वाटतं, ते गप्प राहिले असते तर मी त्यांच्याबद्दल आज लिहीत नसते.

त्या रविवारी मामांचं सांगून झालं. मुलगी तोंडाला पदर लावून बसली होती. हॉटेलच्या बाईंनी वही मिटली, मला वाटलं आता निघतात. पण त्यांनी वही पुन्हा उघडली आणि मामांना विचारलं, यातली कोणती जास्त मागवू? मामा म्हणाले, हिला विचारा. आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवून दिली, खिडकीसमोरची, जिच्यात ते सोडून कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी बसले. ग्लास उचलला, आणि ज्या वस्तू सापडल्या त्यांची नावं घ्यायला लागले: काळी मनुका, लोखंडाची कढई, किंचित मिरं. मामा भिंतीशी हात मागे बांधून उभे राहून ऐकत होते. सगळं आटपायला तासभर लागला. तेवढा वेळ ते उभेच होते, आणि आम्हा तिघींपैकी एकीचीही त्यांना बसा म्हणायची छाती झाली नाही.